चोख पाला

कार्तिक वद्य द्वितीया, शके १८६८

उशीर झाला, माफी असावी. पोळ्यापासून या वहीला हात लावला नाही. कागदाची माफी कोण मागतं? पण या घरात माझं एवढं ऐकून घेणारं दुसरं कोणी नाही. चष्म्याची दांडी तुटली होती. कडूबाला सांगून सांगून थकलो. पोटचा पोरगा, पण हो म्हणतो आणि बैलांकडं निघून जातो. शेवटी आज मीच सुतळीनं बांधली. कान कापतो आहे.

सोनू दिवाळीला माहेरी आली ती इथंच आहे. जावई काकासाहेब भाऊबिजेनंतर न्यायला येणार होते. परतूरहून निरोप आला — कापसाचा बाजार भरात आहे, मार्गशीर्षात येतो. मला बरंच वाटलं. लेक चार दिवस जास्त राहील. मंग असंही वाटून राह्यलं, की निरोपात तिची चौकशी कशी नाही? बैलांची होती.

सून नंदाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, मामंजी. ज्वारी काढायला दोन हात वाढले."

तिचं बोलणं असंच. खोटं नसतं म्हणून जास्त लागतं.

कार्तिक वद्य सप्तमी

पाल्याच्या औषधाला आज तिघं आली. त्यात पलीकडच्या गावचा एक तेली. गुडघ्याखाली जखम, पू वाहतो, माशा हटत नाहीत. ओट्यावर बसला तर नंदाबाईनं नाकाला पदर लावला, त्याच्या देखत. मी लेप दिला, पुढच्या आठवड्याचा बोलावला. आमच्या धावड्यात येऊन माझा पाला लावून कोणी सडत परत गेला असं झालेलं नाही.

बापाची रीत मी मोडलेली नाही. परक्याला तीन, घरच्याला एक. तीन पाल्यांतलं एक झाड खरं. त्याचं नाव मी इथंही लिहिणार नाही, नाव घेतलं की गुण जातो. शनिवारी दिवस कलला की त्याच्या बुडाशी हळद-तांदूळ वाहायचे, "उद्या न्यायला येतो" म्हणून आवतण द्यायचं, आणि रविवारी कोणाशी न बोलता जाऊन पाला आणायचा. बाकीचे दोन भुलवणीचे. तरोटा रंगासाठी, घाणेरी वासासाठी. कोणी लेप हुंगला, चिवडला, तरी खऱ्याचा पत्ता लागू नये म्हणून. घाणेरी तर हागणदारीच्या वाटेला कुपाटीत माजली आहे. तिला कुठलं आवतण! विळा मारायचा आणि ओढत आणायची.

घरच्या माणसाला मात्र चोख. तिथं कोणापासून लपवायचं? दार लावून एकच पाला वाटायचा. बाप म्हणायचा, पोटच्याला भुलवणी घालशील तर पाण्याला महाग होशील.

भालचंद्रानं दिवाळीत माझ्या लेपाचा गोळा मागून नेला आहे. गावच्या जोशीबुवांचा पोरगा. हैदराबादला डॉक्टरी शिकला, आता जालन्याला एका दवाखान्यात असतो. आई इथं राहते म्हणून येतो-जातो. म्हणाला, यानं पू कसा थांबतो ते बघायचं आहे. मी म्हटलं, बघ बाबा. तीन पाले एकजीव वाटलेले. त्यातलं खरं कोणतं ते ब्रह्मदेवाला कळायचं नाही.

कार्तिक वद्य एकादशी

पाराजवळून येताना मागून ऐकलं. "पुंजारामबाबाचा पाला वेशीबाहेर गुण देतो, उंबऱ्याच्या आत न्हाई." आणि हसले.

सोनूची आई तुळजा पाठीला काळपुळी होऊन गेली त्याला बारा वर्षं झाली असतील, लोकांचं हसणं संपलेलं नाही. तिला चोख दिला होता. तिच्या आधी माझा धाकटा भाऊ विळ्यानं हात कापून गेला, त्यालाही चोखच. आयुष्यच तेवढं. घरचं माणूस पथ्य पाळत नाही, हे खरं कारण. परका भिऊन पाळतो. घरचं माणूस म्हणतं, बापच वैद्य आहे, काय होतंय.

जेवण गेलं नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १, रविवार

पाला आणला. वाटेत कोणी बोललं नाही. एक कुत्रं मागं आलं होतं, त्याचा दोष धरायचा की नाही कळत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध २

सोनूच्या टाचेत ज्वारीचं धसकट घुसलं. पेंढ्या उचलून नेताना. वहाण नव्हती. तिची वहाण नंदाबाईच्या पायात होती. विचारलं तर म्हणते, "मी काय पळवून नेली? वन्संनीच दिल्ती."

धसकट काढलं. तुकडा आत राहिला असेल का? दिव्याच्या उजेडात बघितलं, दिसलं नाही. आता डोळे तरी कुठले. दार लावून चोख पाला वाटला, भरपूर भरला. सोनू म्हणाली, "बाबा, वास कसा न्हाई याला? तुमचा लेप तं लई घाण मारतो."

मी म्हटलं, "घरच्याला देतो तो निराळा. गप बस."

लहानपणी पण असंच विचारायची. हे कामून, ते कामून.

मार्गशीर्ष शुद्ध ५

घोटा दिसत नाही एवढी सूज. ठणका. पथ्य लावलं. मीठ बंद, तेल बंद, वांगं बंद. ताकही बंद.

काकासाहेबांचा पुन्हा निरोप — पौर्णिमा झाली की येतो, तयार ठेवा. तोवर पाय बरा झालाच पाहिजे. त्या घरची माणसं मला माहीत आहेत. सोनूला मूलबाळ नाही. आता पाय पण ओढत गेली तर सासू उंबऱ्यावरूनच परत पाठवील. मला दुसरं काही दिसत नाही, तो पाय दिसतो.

मार्गशीर्ष शुद्ध ७

भालचंद्र आला. मी ओट्यावर होतो. सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच बोलला —

"आबा, तुमच्या लेपात दम आहे."

काचेच्या बशीत खळीसारखं काहीतरी थिजवतात, म्हणे. त्यावर पुवातले जंतू पेरायचे. मंग ते दुधावर साय यावी तसे उगवतात. त्यानं मधोमध माझ्या लेपाचा थेंब ठेवला होता. म्हणाला, "थेंबाभोवती काही उगवलंच नाही. चंद्राला खळं पडतं ना, तसं स्वच्छ खळं पडलं. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा बघितलं."

मला एकदम बाप आठवला. मेलेल्या माणसाला हे कसं कळवायचं.

"यात झाडं कोणती, आबा?"

"नाव घेतलं की गुण जातो."

"आबा, जंतूंना कान नसतात."

तो हसला, मीही हसलो. आणि हसता हसता खऱ्या झाडाच्या नावाचं पहिलं अक्षर माझ्या तोंडातून गेलं! जीभ चावली. तो कान देऊन होता. पुढचं गिळलं. पण एक अक्षर गेलं ते गेलं.

मंग त्यानं सोनूचा पाय बघितला आणि हसू गेलं. "गाडी जोडा, आबा. जालन्याला चला. पांढऱ्या गोळ्या आहेत, सुया आहेत. टाच उघडून धुवावी लागेल."

मी म्हटलं, "चार गावची माणसं माझ्या ओट्यावर येतात, आणि माझी लेक दवाखान्यात? तुम्ही लोक पाय कापता."

"सगळेच कापत नाहीत. हिला हाच लेप लावताय ना?"

"याच्याहून चांगला."

"हाच असेल तर चार दिवस बघा. मी स्वतः खळं बघितलंय, नाही म्हणवत नाही. पण सूज वर चढली तर थांबू नका."

सोनू आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "बाबा, जाऊ का मी जालन्याला?" मी म्हटलं, डॉक्टरच म्हणाला ना माझा पाला चांगला आहे? मंग?

मार्गशीर्ष शुद्ध ८, रविवार

काल सांजेला आवतण दिलं, तांदूळ दुप्पट वाहिले. अक्षराची माफी मागितली. आज पाला आणला.

हिशोब सरळ आहे. तीन पाल्यांत दोन भाग माती, एक भाग सोनं. त्या मातीसकट जर काचेत खळं पडतं, तर चोखात किती पडेल? तिप्पट. बिलकुल तिप्पट. दोन वेळ लावून राह्यलो होतो, आता तीन वेळ लावतो.

मार्गशीर्ष शुद्ध ११

तेली आला. जखम भरत आली. माशा नाहीत. ओट्यावर नारळ ठेवला, माझ्या पायावर डोकं. मी त्याला उठवला नाही. मला त्याच्या पायाकडं बघवेना.

सोनूची टाच काळी-निळी. पुवाला वास. असं कसं?

दुपारी कळलं असं कसं. मी परसातून आत आलो तर सोनू भाकरीवर मीठ घेऊन खात होती. चिमूटभर होतं, पण मीठ होतं. हातातली भाकरी काढून घेतली आणि दारातल्या कुत्र्याला टाकली. तिनं बघितलं कुत्र्याकडं. म्हणाली, "बाबा, अळणी घशाखाली उतरत न्हाई. आठवडा झाला."

मी म्हटलं, "मीठ खा आणि मर. मंग लोक मला हसतील."

नंदाबाई चुलीपाशी होती. म्हणाली, "मामंजी, लोकाच्या जखमेला लेप आन् घरच्याच्या जखमेला मीठ चोळायचं, हे बराबर जमलंय तुम्हाला." कडूबा तिच्याकडं बघून हसला. माझ्याच घरात.

मिठाचा डबा माझ्या खाटेखाली ठेवला आहे.

मार्गशीर्ष शुद्ध १३

उद्या भोकरदनला जातो. चष्मा नीट करतो. धसकटाचा तुकडा आत आहे का ते नीट दिसलं पाहिजे. सोनूला सांगितलं, कोणाचं काही खाऊ नको. पाला वाटून ठेवला आहे, नंदाबाई लावील.

मार्गशीर्ष पौर्णिमा

उतार पडला!

भोकरदनहून आलो तर पायरीवर बसूनच सोनू म्हणाली, "बाबा, ठणका कमी हाय." चष्मा लावून बघितलं. सूज उतरलेली. काठाला कातडी येऊन राह्यली, गुलाबी. पू नाही. दत्ताला नारळ फोडला. काकासाहेब येतील तेव्हा ती चालत गाडीपर्यंत जाईल.

पाराकडून मुद्दाम हळू चालत आलो. कोणी काही बोललं नाही. बोलायला पाहिजे होतं.

मार्गशीर्ष वद्य १

सकाळी लेप बदलायला बसलो. पट्टी सोडली आणि वास आला. घाणेरीचा.

नंदाबाईला बोलावलं. "हा कोणता लेप?"

"तेल्यासाठी वाटला व्हता तुम्ही. ओट्यावरच्या पाट्यावर ओल्या फडक्याखाली उरला व्हता."

"मी हिच्यासाठी वाटून ठेवलेला?"

"तो सुकून खडा झाल्ता, मामंजी. आता पुन्हा वाटायला तुम्ही नव्हते. हा पाटा धुवून फेकायचाच, तर म्हटलं लावून टाकू. पाणी कुठं धरून ठेवलंय पाटे धुवायला? दोन दिवस तोच लावला. बरं वाटून राह्यलं ना त्यांना?"

बरं वाटून राह्यलं! भुलवणी आहे ती. रंग आणि वास. भेसळ वरून सुकवते आणि आत पू कोंडते, एवढी अक्कल या बाईला कुठून असणार. माझ्या लेकीच्या पायाला हागणदारीच्या वाटेची घाणेरी!

काथ्या घेतला, गरम पाणी घेतलं आणि सगळं घासून काढलं. मुळापर्यंत. नवी आलेली कातडी पण निघाली, निघणारच, ती खोटी होती. सोनूनं गोधडीचं टोक दातात धरलं. ओरडली नाही. तिच्या आईचा स्वभाव. मंग चोख भरला, जखमेत बोट घालून भरला.

नंदाबाईला म्हटलं, पुन्हा हात लावलास तर माहेरी पाठवीन. ती म्हणाली, "कवा पाठवता?"

मार्गशीर्ष वद्य ३

काकासाहेब आले. सोनूला उठवून बसवलं, केस विंचरले, पायावर लुगडं ओढलं. त्यांनी हातातल्या चाबकाच्या टोकानं लुगडं वर केलं. बघितलं. मंग नाकाला रुमाल लावला आणि बाहेर ओट्यावर आले.

"मामा, तुमच्या औषधाचं नाव तं लई ऐकलंय."

मी म्हटलं, आठ दिवसांत चालेल.

"चालंल तवा बघू. आमच्याकडं माणसाला कामाला जावं लागतं. आईनं सेलूची एक पोरगी बघून ठेवलीय, मी आजवर न्हाई म्हणत आलो. आता कशाच्या जोरावर न्हाई म्हणू? पाय बरा झाला तं निरोप धाडा. न्हाई झाला तं तुमची लेक तुम्हाला."

चहा घेतला नाही. बैलांना पाणी पाजलं आणि गेले.

आत गेलो. सोनू भिंतीकडं तोंड करून. म्हणाली, "बाबा, त्यांनी बैलांना पाणी पाजलं का? लांब जायचंय."

मार्गशीर्ष वद्य ४

झोप नाही. कारण शोधतो आहे. मीठ? घाणेरी? की ते अक्षर? पाल्यातला गुणच माझ्या जिभेनं गेला असेल तर? मंग तीन वेळ लावा की तेरा वेळ, काय होणार?

हे एकच माणूस सांगू शकतं. कडूबा ज्वारी घेऊन जालन्याला चालला आहे. त्याच्याजवळ तीन पुड्या दिल्या भालचंद्रासाठी. पानं कुटून भुगा केला, ओळखू येणार नाहीत. एक गाठ बांधली ती खरी. दोन गाठींची तरोटा. तीन गाठींची घाणेरी. भुलवणीच्या दोन का दिल्या? एकच दिली असती तर पोरगा तीच धरून बसला असता, नाव काढलं असतं. कोणती गाठ कशाची ते सांगितलं नाही. नावं नाहीत. फक्त निरोप — कोणत्या पुडीला खळं पडतं ते बघ. एका गाठीला पडलं तर गुण शाबूत आहे.

मार्गशीर्ष वद्य ६

कडूबा आला. पुड्या दिल्या. भालचंद्र म्हणाला, बशीत उगवायला वेळ लागतो, पुढच्या खेपेला सांगतो. आणि पाय कसा आहे विचारून म्हणाला, सूज वर चढली असेल तर आजच आणा, वाट बघू नका.

चढली आहे. जांघेत अवधाणाची गाठ. टाचेपासून पोटरीवर एक लाल रेघ निघाली आहे. ताप.

कडूबानं कधी नव्हे ते तोंड उघडलं. "बाबा, मी तिला नेऊन राह्यलो." गाडीत कडबा टाकला, गोधडी टाकली. बैल जुंपले. नंदाबाई सोनूला धरून उठवायला लागली.

मी चाकाची खीळ काढली आणि कमरेला खोवली.

"बाबा, खीळ द्या."

"उद्या रविवार आहे. आज आवतण दिलं आहे. ताजा पाला येईपर्यंत ती हलणार नाही. जालन्याला नेऊन पाय कापून आणशील, मंग काकासाहेब नेईल का तिला? सांग, नेईल का?"

तो माझ्या अंगाला हात लावेल असं वाटलं. लावला नाही. बैल सोडले. मी खीळ कमरेला ठेवूनच जेवलो. दुखून राह्यली आहे बरगडीखाली.

मार्गशीर्ष वद्य ७, रविवार

पाला आणला. रस्त्यात तेली भेटला, चालत बाजाराला चालला होता. रामराम केला. मी बोललो नाही. बोलायचं नसतं.

मार्गशीर्ष वद्य ८

सोनूला वात झाला आहे. ज्वारीच्या पेंढ्या मोजते. तिच्या आईशी बोलते. सकाळी एकदम डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, ओळखलं. म्हणाली —

"बाबा, मला परक्याचा लावा ना."

मी म्हटलं, काय?

"तेल्याला लावता तो. मला घरचा नको. परक्याचा लावा."

वाताच्या भरात माणूस काहीही बोलतं. पाला बदलला. दुप्पट.

नंदाबाई बाहेर जाऊन बसली. म्हणाली, "मला बघवत न्हाई, तुम्हीच बघा."

मार्गशीर्ष वद्य ९

सोनू गेली. दिवस उगवताना.

खीळ कमरेलाच होती. कडूबानं न विचारता काढून घेतली.

मार्गशीर्ष वद्य ११

काकासाहेब सावडायला आले. हातात रुमाल होता तो आज डोळ्याला लावला. जाताना तिच्या पाटल्या मागितल्या. मी दिल्या. नंदाबाई म्हणाली, "आन् वहाण ऱ्हायली की. ती पण घेऊन जा, सेलूच्या पोरीला बराबर येती का बघा." त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मार्गशीर्ष अमावास्या

आज मन थोडं ठिकाणावर आहे म्हणून लिहितो.

दोष माझ्या पाल्याचा नाही. मी सगळं बराबर केलं. आवतण, रविवार, मौन, एकही चुकलं नाही. मीठ तिनं खाल्लं. घाणेरीचा लेप नंदाबाईनं लावला, पू आत कोंडला, तिथून सगळं फिरलं. पौर्णिमेला उतार होता तो माझ्या आधीच्या चोख पाल्याचा, तो हिनं मारला. हे मी आज ओट्यावर चार माणसांदेखत तिला सांगितलं. लेकीला सुनेनं मारलं, म्हणालो.

ती भांडेल वाटलं होतं. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बरं, मी मारलं. आता दुखायचं थांबलं का तुमचं?" कडूबा उठून गोठ्यात गेला. माणसं पण उठली.

माझ्यावर कोणाचा इतबार राहिला नसेल तर नसो. भालचंद्राचा निरोप येऊ दे. एका गाठीला खळं पडलेलं असणार. मंग तोच पारावर येऊन सांगेल सगळ्यांना. मंग बघू कोण हसतं.

पौष शुद्ध ३

भालचंद्राची आई आडावर भेटली. आधी सोनूचं बोलली, रडली. मंग म्हणाली, "भालूचा निरोप आहे हो तुम्हाला. तीन गाठींच्या पुडीला खळं पडलं, मोठं. दोन गाठींना काही नाही. एका गाठीला तर मुळीच नाही, थेंबावरसुद्धा दाट उगवलं. तीन गाठींचं झाड कोणतं, तेवढं कळवा म्हणालाय."

तेली बरा झाला. आजवर ओट्यावर आले ते सगळे बरे झाले. सगळ्यांना तीन पाले, घाणेरीसकट. तुळजाला चोख. धाकट्याला चोख. सोनूला चोख.

भालू, पुन्हा बघ. कडूबानं वाटेत गाठी सोडल्या असतील, इकडची पुडी तिकडं झाली असेल. नव्या पुड्या धाडतो. खऱ्या झाडाचं नाव मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, इथंही लिहीत नाही. गुण जाईल. तू पुन्हा बशी लाव आणि बघ. जल्दी निरोप धाड. मी ओट्यावरच बसून राह्यलो आहे.